धुतली तरी हिरवी

चूक माझी होती. सौंसरच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "गुरुजी, तुमची हिरवी मुनिया रंगवलेली असेल." सगळे हसले. फक्त ढोमणे गुरुजी हसले नाहीत.

गुरुजी दर बाजाराला बसने पांढुर्ण्याला जायचे, हातात पाण्याचा तांब्या. तिथला पाखरंवाला लाल मुनियेच्या तपकिरी माद्या होळीच्या उरलेल्या रंगात बुडवून हिरव्या म्हणून विकायचा. गुरुजी दोन घ्यायचे, तिथेच धुवायचे, रुमालाने टिपायचे आणि सोडताना बजावायचे, "जाय बाई. दुसरीचं नाव लावून नको फिरू."

फरक ते बसच्या कंडक्टरलाही समजावत. "चोच दोघीचीबी लाल. पण हिरवीच्या पोटावर हळद, कुशीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. लाल पार ब्रह्मदेशापोतर हाय. हिरवी आपल्या देशाबाहेर नाई, अन् इथंबी लोक धरून धरून संपवून राहिले."

शाळेमागे नाल्याकाठी उंच गवत होतं. सापांच्या भीतीने ते जाळायचं निघालं. गुरुजी म्हणाले, त्यात हिरवीचं घरटं आहे. हेडमास्तरांनी मला विचारलं, कारण विज्ञान मी शिकवायचो. नाला पन्नास पावलांवर होता. मी गेलो नाही. गुरुजींकडूनच ऐकलेला रंगाचा किस्सा त्यांच्यावरच उलटवला. शनिवारी दुपारी जाळायचं पक्कं झालं.

त्या दिवसापासून गुरुजी मधल्या सुट्टीत नाल्यावर जाऊन बसू लागले. शुक्रवारी मला राहवलं नाही.

"काय करून राहिले, गुरुजी?"

"तिच्या आंघोळीची वाट पाहून राहिलो."

"धरून धुवा की."

"घरट्यावरची कशी धरू, सर? घाबरून पिल्लं सोडून देल्ली तं?"

बसलो. घंटा झाली तरी बसलो. शेवटी ती डबक्यात उतरली, मनसोक्त भिजली, पंख झाडले. पाणी स्वच्छ. पाखरू हिरवंच. पोटावर हळद, कुशीवर पट्ट्या. मी धावतच हेडमास्तरांकडे गेलो. गवत वाचलं, आणि कितीतरी दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला.

परतलो तेव्हा वाटलं, आता गुरुजी ऐकवणार. ते चष्मा पुसत होते.

"बरं झालं, तुमी पाह्यली. तुमी सारे हासले, तं मलेच वाटाले लागलं, आपल्याले दिसते ते हाय का नाई. घरी इचाराले कोणी नाई ना, सर."

शनिवारी दुपारी, गवत पेटायचं होतं त्याच वेळी, मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"मी न पाहता बोललो, गुरुजी. मला माफ करा."