अझेलियाच्या झुडपाआड सेनेटर

"थडग्यांची यादी करायला अकरा वर्षं मिळाली, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडी घालायला पाच मिनिटं मिळाली नाहीत," फ्रिजच्या दारामागून कोणीतरी पुटपुटलं.

दाराच्या अलीकडे ओडली राउंट्री सॅलडचं भांडं घेऊन उभी होती. आवाज कोणाचा हे तिला विचारावं लागलं नाही. सालेम चर्चच्या स्वयंपाकघरात फ्रिजशी बोलणारी बाई एकच होती, आणि ती ओडलीची नणंद विनेल.

"ऐकू आलं मला," ओडली म्हणाली.

"तुला थोडीच सांगत होते," विनेल म्हणाली आणि तिने भांडं सगळ्यात खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे सरकवलं.

ओडली लग्न होऊन हार्लो काउंटीत आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. माहेर दोनशे मैलांवर, समुद्रापासून लांब. म्हणजे इथल्या हिशेबाने ती कालच आली होती. तिची दोन मुलं इथे जन्मली, सासू-सासरे तिने इथल्याच मातीत पोचवले, तरी चर्चमध्ये कोणी पाहुणा आला की तिची ओळख "राउंट्रींची नवी सून" अशीच करून द्यायचे. नव्या सुनेच्या गुडघ्यांना एव्हाना जिना चढवत नव्हता.

म्हणून तिने यादी हाती घेतली. काउंटीत पुरलेला प्रत्येक पुढारी शोधायचा, कबरीचा फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या. इथे जन्माला येणं तर आता तिच्या हातात नव्हतं. निदान इथे कोण कुठे निजलाय हे तरी सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असावं. अकरा वर्षं ती डास मारत, शिंपल्यांच्या कडा लावलेल्या कबरींमधून हिंडली. एक गव्हर्नर सापडला, जो अकरा महिन्यांत खुर्चीवरून उतरला होता. एक खासदार सापडला, त्याला डुकराच्या मालकीवरून झालेल्या भांडणात गोळी लागली होती आणि दगडावर मात्र "देशासाठी" असं कोरलं होतं. असे सव्वीस झाले. सत्ताविसावे सेनेटर ल्यूशस ट्रॅपनेल.

ट्रॅपनेलांचा दगड सालेमच्याच दफनभूमीत, दक्षिणेच्या कुंपणापाशी होता. इकडे नवरा-बायकोचा दगड जोडीचा असतो. एक गेलं की दोघांचीही नावं कोरून घेतात आणि मागे राहिलेल्याची शेवटची तारीख तेवढी मोकळी ठेवतात. डाव्या बाजूला कॉरी ट्रॅपनेल होती, बारा वर्षांपूर्वी गेलेली. उजव्या बाजूला सेनेटरांचं नाव, जन्मसाल आणि त्यापुढे अझेलियाचं हे एवढं झुडूप, आपादमस्तक गुलाबी फुललेलं. तारीख होती की मोकळी जागा, ते त्या फुलांनाच माहीत. आणि फुललेल्या अझेलियाला कात्री लावणाऱ्या बाईला हार्लो काउंटीत कोणी पुन्हा घरात घेतलं नसतं.

तेव्हा तिने माणसांना विचारायचं ठरवलं. चूक झाली ती इथे.

"सेनेटर ट्रॅपनेल गेले ना गं?" तिने विनेलला विचारलं.

विनेलने हातातलं नासपती सोलणं थांबवलं. बायको गेल्यावर सेनेटर बेटावरच्या मासेमारीच्या झोपडीत राहायला गेले होते, फोन उचलत नसत, हे तिला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. पण इतका मोठा माणूस गेला आणि आपण अंत्यविधीला नव्हतो, हे कबूल कोण करणार? तेही नव्या सुनेपुढे?

"गेले की," ती म्हणाली. "अंत्यविधीनंतरच्या जेवणाला मी हॅम नेला होता. मध लावून."

मग ओडलीने मिर्टिस यॉनला विचारलं. मतदार यादीचं कार्यालय म्हणजे मिर्टिस, तिचं टेबल आणि तिचा पंखा.

"विनेल म्हणाली, तिने हॅम नेला होता," ओडली म्हणाली.

"हो, मधाचा," मिर्टिस लगेच म्हणाली. "मी तिच्या मागच्याच रांगेत होते. फार रडले बाई मी."

त्यानंतर ओडली ज्याला ज्याला विचारी त्याला अंत्यविधी थोडा जास्तच आठवे. कोणाला पाऊस आठवला, कोणाला ऊन. एकाने तर शवपेटी उचलली होती आणि त्याचा खांदा अजून दुखत होता.

"आणि ती अडुसष्टची निवडणूक?" ओडली वही उघडून विचारायची. "त्रेचाळीस मतांनी निवडून आले ते. फक्त त्रेचाळीस? कुठल्या भागातली मतं फिरली?"

यावर मात्र कोणालाच काही आठवत नसे. माणसं छताच्या पंख्याकडे बघत, आणि घरातली बाई बर्फ घातलेल्या गोड चहाचा जग उचलून म्हणे, "चहा घेणार अजून?" त्या एका प्रश्नापायी ओडलीने इतका चहा घेतला की डॉक्टरने तिची साखर तपासली.

शेवटी यादीची पुस्तिका छापून झाली. पान सत्तावीस: "सेनेटर ट्रॅपनेल, सालेम. मृत्यूची तारीख फुलांमुळे वाचता येत नाही." साप्ताहिकाने अख्खी यादी छापली. कोर्टाच्या भिंतीवर पितळी पाटी लावायचं ठरलं, सत्तावीस नावांची, आणि खाली "संकलन: ओडली राउंट्री". कार्यक्रम येत्या शनिवारी होता. पाटीवर नाव आलं की माणूस नवा राहत नाही, असा ओडलीचा हिशेब होता. रात्री ती अंथरुणात ती ओळ मनातल्या मनात वाचायची.

आणि मिर्टिस नीटनेटकी बाई असल्यामुळे तिने पान सत्तावीस वाचून मतदार यादीतलं एक नाव खोडलं. तसंही बारा वर्षांत त्या नावाने मत दिलं नव्हतं.

शनिवारच्या आधी मंगळवार आला. मंगळवारी मतदान होतं, एकाच प्रश्नावर: किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलांकडे जाणारा रस्ता रुंद करायचा का, सालेमच्या दफनभूमीची दक्षिणेकडची पट्टी घेऊन? मतपेटी चर्चच्याच सभागृहात होती. मिर्टिस टेबलावर बसली होती, विनेल केक कापत होती आणि ओडली दाराशी पुस्तिका वाटत होती.

सकाळी दहाच्या सुमाराला एक उंच म्हातारा आत आला. अंगात पांढरा कोट, पायात चिखलाचे रबरी बूट.

"नाव?" मिर्टिसने मान वर न करता विचारलं.

"ल्यूशस ट्रॅपनेल."

मिर्टिसचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग तिने मान वर केली. विनेलची सुरी केकमध्येच राहिली.

"सेनेटरसाहेब," मिर्टिस अगदी हळू म्हणाली, "तुम्ही वारलात."

"वाचलं मी," म्हातारा म्हणाला. त्याने खिशातून पुस्तिका काढली. "पान सत्तावीस. फोटो छान आलाय. कॉरीने लावलेलं झुडूप आहे ते." मग तो विनेलकडे वळला. "साप्ताहिकात आलं होतं, हॅम तुझा होता. जमला होता ना?"

विनेलने केककडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला फ्रिज फार लांब वाटला.

"माझं मत," सेनेटर म्हणाले.

"खोडलेलं नाव असं परत नाही घालता येत हो," मिर्टिस म्हणाली. बिचारी घामाघूम झाली होती, पण नियम म्हणजे नियम. "लेखी पुराव्यावर खोडलंय, लेखी पुराव्यावरच परत येणार. जिने लिहिलं तिने चूक झाल्याचं लिहून द्यायला हवं. आणि खाली दोन साक्षीदार."

सगळ्यांनी ओडलीकडे पाहिलं.

ओडलीच्या डोळ्यांपुढे पाटी आली. खालची ओळ आली. मग दिसलं की शनिवारी ती ओळ तिथे नसेल, आणि पुढची तीस वर्षं लोक तिला "जिने जिवंत सेनेटर पुरला ती" म्हणतील. त्यापेक्षा नवी सून बरी होती. कोणी तिला घाई केली नाही. म्हाताऱ्यानेही केली नाही. तो नुसता हातात टोपी घेऊन उभा होता.

तिने पेन घेतलं. पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: "पान सत्तावीस चूक आहे. सेनेटर जिवंत आहेत. मी झुडूप बाजूला करून बघायला हवं होतं." खाली पूर्ण नाव घातलं.

"साक्षीदार," मिर्टिस म्हणाली. "ज्यांनी त्यांना पुरताना पाहिलं नाही, असे."

सभागृहात पंधरा-वीस माणसं होती आणि सगळी बुटांच्या नाड्या बघत होती. खांदा दुखणाऱ्याने खांद्यावरचा हात खाली घेतला.

"आण ते इकडे," शेवटी विनेल म्हणाली. "नव्हते गेले मी. हॅमसुद्धा नेला नव्हता." तिने सही केली आणि पेन ओडलीच्या हातात परत देताना पुटपुटली, "मी खोटं सांगितलं नसतं तर तू लिहिलं नसतंस. तेही लिही खाली."

"जागा नाही," ओडली म्हणाली.

मिर्टिसने ओडलीच्या हातातून पेन घेतलं. "मीही नव्हते रडले," ती म्हणाली, आणि दुसरी सही स्वतःच केली.

सेनेटर पडद्याआड गेले. परत आले तेव्हा कोटावर "मी मत दिलं" असं लिहिलेला स्टिकर होता. विनेलने न विचारता केकचा कोपऱ्यातला तुकडा, म्हणजे सगळ्यात चांगला, त्यांच्यापुढे ठेवला.

"सेनेटरसाहेब," ओडलीला राहवेना, "बारा वर्षं तुम्ही बेटावरून हलला नाहीत. आज कसे आलात?"

"कॉरी आहे तिथं कुंपणाशी. शेजारी माझी जागा आहे, तू छापलीस ती. आणि त्या रांगेत आणखी माणसं आहेत. अडुसष्ट सालापासून मी त्यांचा..."

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम पंख्याकडे गेल्या. विनेलचा हात चहाच्या जगाकडे गेला. "चहा घेणार अजून?"

"नको, विनेल. पन्नास वर्षं मीही तोच पितोय," सेनेटर म्हणाले आणि खिडकीतून दक्षिणेच्या कुंपणाकडे बघत राहिले. "लिहून घे, मिस ओडली, तू कायम विचारत होतीस ना. ज्या त्रेचाळीस मतांनी मी निवडून आलो ना, ते त्रेचाळीसही मतदार त्या रांगेत निजलेत. तेव्हाही निजलेलेच होते. माझ्यासाठी एकदा उठले बिचारे. आज त्यांच्या अंगावरून रस्ता जायला निघालाय, तर त्यांच्यासाठी मी एकदा उठायला नको?"