दुपारचा पंप

प्रिटोरियातल्या त्या घरात पोहण्याच्या तलावाचा पंप किती तास चालवावा, असा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता. तो सकाळी नवाला लागायचा, दुपारी तीनला थांबायचा. मग तिथल्या जूनमधल्या थंडीत रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे, हर्मान, राहायला आले. पहिल्याच सकाळी ते कॉफीचा मग घेऊन अंगणात गेले आणि हिशोब मांडूनच परतले.

"तलावात चाळीस हजार लिटर. पंप तासाला दहा हजार ओढतो. चार तासांत सगळं पाणी गाळून निघालं! थंडीत पोहतंय कोण? सात ते अकरा. बस्स!"

"तुम्ही म्हणाल तसं, पा," सून एल्सबे म्हणाली. तिचं लक्ष खांद्यावरच्या पाच महिन्यांच्या कोबसकडे होतं. रात्री तो कुणाला झोपू देत नसे. पण दुपारी बारा ते दोन गाढ झोपायचा, आणि तेवढ्यातच ती जेवायची, नहायची, घटकाभर डोळे मिटायची.

त्या दुपारी कोबस झोपला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

"दात येताहेत," हर्मान म्हणाले.

"एवढ्यात?"

"तुझ्या नवऱ्याला चौथ्यात आले होते!"

त्यांनी हिरड्या चाचपल्या. कोबसने भोकाड पसरलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने, थिनसने, ऑफिसातून फोनवर उपाय सुचवला, "गाडीतून फिरवून आण, लगेच झोपेल." कोबस मजेत बाहेर बघत राहिला. सिग्नलला डोळा लागला तो एल्सबेचा. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा दिवा केव्हाच हिरवा झाला होता. घरी येऊन तिने गाडीची किल्ली थिनसच्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात टाकली आणि बराच वेळ नळ सोडून नुसती उभी राहिली.

पाचव्या दिवशी हर्माननी गाळणी धुतली आणि भर दुपारी पंप हाताने लावून पाहिला. बाळाच्या खोलीच्या भिंतीपलीकडून घूंऽऽ सुरू झालं. कोबसने जांभई दिली, मान टाकली. पंप थांबला. कोबसने टक्क डोळे उघडले.

एल्सबे अनवाणीच धावली. "पा, पंप लावा!"

"अगं, पाणी आरशासारखं आहे. त्याला गरज नाही."

"पाण्याला नसेल. मला आहे!"

ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. हर्माननी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल, सदऱ्याची बटणं वरखाली. त्यांनी पंपाचा टायमर फिरवला, दहा ते दोन.

दुसऱ्या दिवशी बाराला कोबस झोपला. एल्सबेने उशीला डोकं टेकलं आणि वीज गेली. लोडशेडिंग! ती डोळे घट्ट मिटून रडण्याची वाट पाहत राहिली. रडणं आलं नाही. घूंऽऽ मात्र चालूच होतं.

ती पाय न वाजवता दाराशी गेली. हर्मान पाळण्यावर वाकले होते. ओठ मिटलेले, गाल थरथरताहेत, श्वासापुरतं थांबून पुन्हा घूंऽऽ. सुनेला पाहताच त्यांनी भुवया उंचावून विचारलं, अजून किती?

तिने फोन पाहिला. वीज अडीचला येणार होती.

एल्सबेने हळूच एक खुर्ची आणून त्यांच्या मागे ठेवली, आणि झोपायला गेली.