अध्यक्षांसमोरून उड्डाण

कुठलाही समाज उभा राहतो तो त्यातली माणसं योग्य वेळी, योग्य जागी आणि योग्य कोनात वाकतात म्हणून. हे सत्य जगभर पाळलं जातं, पण त्याची नीट मापं काढली ती जपान्यांनी. बरोबरीच्या माणसाला पंधरा अंश, वरिष्ठाला तीस, आणि चूक झाली असेल तर पंचेचाळीस. (चूक वरिष्ठांची असेल तरीही खालच्या माणसाने पंचेचाळीसच, फक्त जरा जास्त वेळ.) हामाना सरोवराकाठी पाण्यावरच्या स्कूटर बनवणारी एक कंपनी आहे. तिथे नव्या माणसाला यंत्राला हात लावू देण्याआधी भिंतीवर रंगवलेल्या कोनमापकाशेजारी उभं करून आठवडाभर वाकवतात. त्यामुळे कंपनीत पाठदुखी भरपूर आहे आणि भांडण एकही नाही.

या कंपनीत कुरेबायाशी शिओरी नावाची इंजिनियर होती. तिचे वडील त्याच सरोवरात काठ्या रोवून, जाळी बांधून खाण्याचं शेवाळ पिकवायचे. पेट्रोलच्या स्कूटर सुट्टीच्या दिवशी तिथून बोंबलत जायच्या, लाटा काठ्यांवर आदळायच्या आणि वडील दिवसभर जाळी पुन्हा बांधत बसायचे. शिओरीचा पगार याच स्कूटरमधून येत होता. वडील त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, आणि तेच तिला फार लागायचं. म्हणून तिने विजेवर चालणारी स्कूटर करायला घेतली.

तिची रचना सोपी होती. स्कूटरच्या पोटाखाली एक खांब, खांबाच्या तळाशी पाण्यात बुडालेले दोन पंख आणि त्यांच्या मधोमध विजेचं जेट. जेट पुढून पाणी पितं आणि मागून जोरात फेकतं. वेग आला की पंख उचल घेतात आणि स्कूटर पाण्यापासून हातभर उंचीवरून जाते. आवाज नाही, धूर नाही, लाट नाही. उघडं पातं नसल्यामुळे पडलेल्या माणसाची बोटं जागच्या जागी. अट एकच, बसणाऱ्याने आपलं वजन हलवायचं नाही. पुढे झुकलात की पंख खाली सूर मारतात. मागे रेललात की पंख वर येतात, जेट पाण्याऐवजी हवा पितं, आणि सरबत संपल्यावर नळीतून येतो तसा आवाज करून सगळं खाली बसतं.

कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर एका पहाटे शिओरी स्वतः त्यावर बसली आणि सरोवराला वळसा घालून आली. बगळे जागचे हलले नाहीत. वडील होडीत पाठमोरे उभे होते; मुलगी मागून गेली हे त्यांना कळलंसुद्धा नाही. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. कंपनीच्या दृष्टीने मात्र या उड्डाणाला काही किंमत नव्हती, कारण ते कुणी वरिष्ठाने पाहिलं नव्हतं.

म्हणून प्रात्यक्षिक ठरलं. काठावर मांडव पडला, ईल माशाचे डबे आले, मधोमध अध्यक्ष तोकुरा बसले. स्वार म्हणून ओगुरी यांना निवडलं होतं. हे जुने मोटारबोट शर्यतपटू, भल्याभल्या वळणांवर ज्यांचा तोल कधी गेला नाही. ओगुरी निघाले, पाण्यावर उठले, डौलात मांडवासमोर आले आणि अध्यक्षांना पाहताच तीस अंशांत वाकले. स्कूटरही तीस अंशांत वाकली आणि पाण्याखाली गेली.

आता ही चूक झाली. चूक झाली की पंचेचाळीस अंश. ओगुरींनी गळाभर पाण्यात उभं राहून ते पूर्ण केले, म्हणजे पुन्हा पाण्याखाली गेले. मग स्कूटरवर चढले, फेरी मारून आले आणि मघाच्या चुकीबद्दल मांडवासमोर परत पंचेचाळीस अंशांत वाकले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते अकरा वेळा पडले. सात वेळा अध्यक्षांमुळे, दोनदा उपाध्यक्षांमुळे, एकदा अध्यक्ष हात धुवायला निघाले म्हणून, आणि एकदा चहा घेऊन येणारा माणूस लांबून अध्यक्षांसारखा दिसला म्हणून.

"ओगुरीसान, कितीदा सांगितलं होतं, वाकू नका," शिओरी शेडमध्ये त्यांच्या अंगावर टॉवेल टाकत म्हणाली.

"मी कुठे वाकतो गं? पाठ वाकते. मला कळतं तेव्हा मी पाण्यात असतो."

"मग डोळे मिटून जायचं ना."

"मिटले होते की, तिसऱ्या फेरीला. मिटल्यावर तर साहेब आणखीच जवळ आल्यासारखे वाटले."

चौकशीची बैठक बसली. विभागप्रमुख हाकामादा यांनी सुरुवातीलाच यंत्राची तोंडभरून स्तुती केली, त्यावरून शिओरी काय ते समजली.

"यंत्र उत्तम आहे, कुरेबायाशीसान. फक्त जरा उद्धट आहे."

"साहेब, यंत्र कसं उद्धट असेल? माणूस वाकला नाही तर ते सरळ जातं."

"तेच म्हणतोय मी."

यानंतर अत्यंत खेळीमेळीत पुढील उपाय सुचवले गेले. अध्यक्षांना पडद्याआड बसवावं (पडद्यालाही वाकावं लागेल म्हणून रद्द). अध्यक्षांनी येऊच नये, नुसती खुर्ची ठेवावी (प्रयोग केला, ओगुरी खुर्चीला वाकून पडले). अध्यक्षांनाच स्कूटरवर बसवावं, म्हणजे त्यांना कुणाला वाकायला नको (वय शहाऐंशी, सूचना करणाऱ्याने पंचेचाळीस अंशांत सूचना मागे घेतली). मग शिओरी म्हणाली की माणसाला न वाकायला शिकवता येईल. यावर एकाने उठून खिडकी बंद केली. शेवटी ठरलं की वसंतात दुसरं प्रात्यक्षिक घ्यावं. ते फसलं तर विजेचा प्रकल्प बंद, पेट्रोलच्या स्कूटर चालू, आणि कुरेबायाशीसान यांची बागेतल्या कारंज्यांच्या विभागात सन्मानाने बदली.

शिओरी कामाला लागली. आधी तिने स्वार वाकताच बॅटरी मागे सरकेल अशी सोय केली. पण स्वाराची पाठ बॅटरीपेक्षा चपळ निघाली. यंत्राला वाकणं कळेपर्यंत पंख तळाला गेलेले असायचे. मग तिने पूर्ण उलटा विचार केला. वाकणं टळत नाही ना, मग माणूस कायम वाकलेलाच आहे असं धरून चालावं. तिने पंख, जेट आणि बैठक नव्याने जुळवली. आता तीस अंशांत वाकलेला माणूस पाण्यावरून तरंगत जाई. ताठ बसलेल्याचं वजन मात्र मागे पडे, पंख वर येत, जेट हवा पिई आणि तो पाण्यात जाई. हाकामादासाहेबांना ही सुधारणा इतकी पटली की त्यांनी तिला 'संस्कारक्षम जुळवणी' असं नाव दिलं.

वसंतात मांडव पुन्हा पडला. ओगुरींची पाठ हिवाळ्यातच कायमची धरली होती. (तीस अंशांवरच धरली, त्यामुळे कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.) बनवणारीनेच चालवावं अशी अध्यक्षांची इच्छा होती. शिओरी पाण्यात उतरणार तोच ओगुरींनी तिला बाजूला घेतलं.

"जुनी शेडमध्ये आहे. चार्ज करून ठेवलीय. ताठ बस आणि जा निघून."

"अध्यक्षांसमोरून? ताठ?"

"त्यांनी अजून तसं कुणाला पाहिलेलं नाही. एकदा पाहिलं तर मरणार नाहीत ते."

"आणि हाकामादासाहेब?"

"ते मरतील," ओगुरी म्हणाले. "पण ते आपल्याला चालण्यासारखं आहे."

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ताठ जावं असं तिला मनापासून वाटत होतं. त्या पहाटेसारखं एकदा तरी, सगळ्यांसमोर. पण मग प्रकल्प बंद, पेट्रोल चालू, आणि वडील पुन्हा दिवसभर जाळी बांधत बसलेले. ती नव्या स्कूटरवर बसली आणि तीस अंशांत वाकली.

उड्डाण निर्दोष झालं. ती मांडवासमोरून वाकून गेली, सरोवरभर वाकून फिरली आणि वाकूनच परत आली. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं नम्र यंत्र आपण उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, असं ते म्हणाले. शिओरीला बढती मिळाली. सरोवर आज कसं दिसत होतं, असं एका बातमीदाराने विचारलं. तिला सांगता येईना, कारण सबंध फेरीत तिला फक्त आपले गुडघे दिसले होते.

उन्हाळ्यात स्कूटर बाजारात आल्या आणि पेट्रोलच्या गेल्या. सरोवर शांत झालं, एक लाट उठेना. पहिल्याच सुट्टीनंतर शिओरी मोठ्या उत्साहाने वडिलांकडे गेली. ते कमरेला गरम पट्टा बांधून आडवे पडले होते. काठ्यांवर एकही जाळं बांधून झालं नव्हतं.

"काय झालं बाबा?"

"तुझ्या स्कूटरवाल्यांना नमस्कार केले. सकाळपासून."

"तुम्ही कशाला? ते तुम्हाला थोडाच करत होते? त्यांना तसंच बसावं लागतं."

"माणूस समोरून वाकून जातोय आणि मी काय खांबासारखा उभा राहू?" वडील म्हणाले. "शेजारचा तर होडीतून दोनदा पडला. पडला म्हणून माफी मागायला वाकला, तर होडीच उलटली." मग तिला वाईट वाटू नये अशा बेताने ते म्हणाले, "पेट्रोलची बरी होती गं. लाटेला परत वाकावं लागत नव्हतं."

शिओरी त्यांच्या उशाशी बसून राहिली. तिला माफी मागायची होती, पण त्यासाठी वाकलं तर वडीलही उठून वाकायला बघतील म्हणून ती नुसतीच बसली.

कंपनीने या तक्रारीची तातडीने दखल घेतली. शेवाळवाल्यांना सवलतीत खास होड्या देण्यात आल्या. मालक तीस अंशांत वाकलेला असला तरच त्या स्थिर राहतात. आता सरोवरावर सगळे सगळ्यांसमोर वाकलेले असतात आणि कुणीही पडत नाही. जुनी स्कूटर शेडमध्ये आहे. शिओरी तिची बॅटरी अधूनमधून चार्ज करते, पण बाहेर काढत नाही.

ही स्कूटर लवकरच आपल्याकडेही येते आहे. आपल्या लोकांना तीस अंश जमतील का, याची कंपनीला चिंता होती म्हणून तिची माणसं मध्यंतरी आपल्या एका धरणावर चाचणी घेऊन गेली. अधिकारी, ठेकेदार, प्राध्यापक, पत्रकार असे सर्व थरांतले स्वार बोलावले होते. समोर साहेब कुणी नव्हता, त्यामुळे कुणाचीच पाठ तीस अंशांपर्यंत गेली नाही आणि एकही स्कूटर उठली नाही. जपानी इंजिनियरांनी जेट तपासलं, पंख तपासले, बॅटरी बदलली, पण दोष सापडेना. मग मंत्रीमहोदयांची गाडी धरणावर आली. तिचा नुसता दिवा दिसताच सगळे स्वार स्कूटरवर पालथे झाले, आणि त्यांचं वजन तिथे कसं सामावून घ्यायचं हे जपान्यांना अजून समजलेलं नाही.

ही हकीकत ऐकून आपण खुर्चीत जरा ताठ बसला असाल. बसा. साहेबांचा फोन येईपर्यंत काही हरकत नाही.