थालीपीठाला मत

आमच्या वरच्या मजल्यावरचे सबनीस काका खोकतातसुद्धा सगळ्यांसाठी सारखंच.

निवडणूक आली की सोसायटीच्या हॉलमध्ये ते उमेदवारांची माहिती वाचून दाखवतात. कोण किती शिकलं, कुणावर काय खटले आहेत, कुणी काय करीन म्हटलंय. सगळं एका सुरात वाचायचं, म्हणजे काकांचं मन कुणाकडे आहे हे कळू नये. एकदा पहिल्याच उमेदवाराच्या वेळी त्यांना खोकला आला. लोकांना वाटेल, याला हा उमेदवार आवडत नाही. म्हणून काका पुढच्या प्रत्येक नावाला मुद्दाम खोकले. शेवटी शेजारच्या चावला आंटी आल्याचा काढा घेऊन आल्या.

फरीदाबादच्या आमच्या या बिल्डिंगीत काकांनी मतदार मंडळ काढलंय. कुठल्याच पक्षाचं नाही. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांची घालून द्यायची, म्हाताऱ्यांना बूथ दाखवायचं, आणि आधी माहिती, मग मत, एवढंच सांगायचं. काका सगळे रंग टाळतात, कारण प्रत्येक रंग कुणाचा ना कुणाचा आहे. त्यांचे सगळे शर्ट मातकट. नवराबायकोचं भांडण त्यांच्याकडे गेलं तर म्हणतात, "दोन्ही बाजू असतात." भाजीत मीठ कसं झालंय विचारलं तर म्हणतात, "मीठ आहे."

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही. आधी मत द्यायला जाताना आमचे हे सांगायचे, अमुक नंबरचं बटण दाब. मी दाबायची. काका एकदा यांना म्हणाले, "तुम्ही जिन्यात थांबा. वहिनी एकट्या ऐकतील." मी एकटीने ऐकलं. त्या वर्षी मी कुठलं बटण दाबलं ते यांना आजवर माहीत नाही. विचारलं की मी कुकरच्या शिट्ट्या मोजते.

मशीनची भीती जावी म्हणून काका खोटं मतदान घेतात. मिठाईच्या खोक्याचं मशीन, आत कप्पे, वर चित्रं. पडद्यामागे जाऊन राजम्याचा एक दाणा टाकायचा. बोटाला कपड्यांची नीळ. आधी चित्रं भाज्यांची होती. कुणीतरी म्हणालं, भेंडी एका अपक्षाचं चिन्ह आहे. काकांनी भाज्या काढल्या, भांडी आणली. तर कुकर, पोळपाट, शेगडी, सगळंच कुणाचं तरी निघालं.

"वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरात बिनपक्षी काही उरलंय का?"

मी घाबरत म्हटलं, "थालीपीठ?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अजून कुठल्या पक्षाच्या लक्षात आलेलं नाही. घेऊ." तेव्हापासून थालीपीठ, अळूवडी, पुरणपोळी आणि साबुदाण्याची खिचडी उभी राहतात. जो पदार्थ जिंकेल तो खऱ्या मतदानाच्या दिवशी मंडळ करतं. बोटाची शाई दाखवा आणि खा.

चष्मा का पुसला, हे मला ठाऊक होतं. काका आधी असे नव्हते. एका पक्षाचे होते, कट्टर. कुठल्या, ते मी लिहीत नाही. त्यांचा मुलगा मिलिंद दुसऱ्या बाजूचा. मागे एका निवडणुकीत जेवताना दोघांचं वाजलं. आवाज खाली आमच्या घरात येत होता. काका म्हणाले, "या घरात राहून हे बोलायचं नाही." मिलिंद उठला. ताटात काकूंनी केलेलं थालीपीठ होतं, ते अर्धं तसंच राहिलं, काकूंनीच मला मग सांगितलं. तो गुडगावला राहायला गेला. दीड वर्षाने काकू गेल्या. तो आला, स्मशानात उभा राहिला, आणि तिथूनच परत गेला. त्यानंतर काकांनी मंडळ काढलं आणि कुणाचीच बाजू घ्यायचं सोडलं.

मिलिंदचं मत मात्र अजून आमच्याच बूथवर आहे. घर बदललेल्या प्रत्येकाच्या मागे लागून काका नाव हलवायला लावतात. मिलिंदचा विषय निघाला की चष्मा पुसत बसतात.

गेल्या निवडणुकीच्या आधी एक दिवस ते माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. आत येईनात.

"वहिनी, एक पक्षपाती बोलू का?"

"बोला की."

"यंदा थालीपीठाला मत द्या." मान खाली. "मिलिंद मत चुकवायचा नाही. येईल. आणि वास आला तर कदाचित..."

मला वाटलं, मला एकटीलाच सांगितलं. खोटं मतदान झालं, काकांनी खोकं उघडलं, तर सगळे दाणे थालीपीठात. बाकीचे कप्पे रिकामे. ते घरोघर फिरले होते.

लोक टाळ्या वाजवायला लागले. काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "रद्द. प्रचार झालाय."

"किसने किया?" चावला आंटी.

"मैंने."

"अरे भाईसाब, जाने दो ना. हम सब की मर्ज़ी है."

"नाही." ते आमच्याकडे वळले. "हे मी तुम्हांला शिकवायचं आणि मीच असं करायचं?" काका जिन्यात जाऊन बसले, आम्ही पुन्हा दाणे टाकले. अळूवडी जिंकली. चावला आंटी हळूच मला म्हणाल्या, "क्या करूँ, मुझे वही पसंद है. उन्होंने ही तो कहा, मन से डालो."

काका उठले. "निकाल मान्य," म्हणाले, आणि एकटेच वर गेले.

मतदानाच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. शाळेबाहेर काका लोकांना रांग दाखवत होते. मिलिंद आला. कानाजवळचे केस पांढरे झालेत त्याचे. काकांनी त्याला पाहिलं आणि सगळ्यांना विचारत होते त्याच सुरात विचारलं, "बूथ माहीत आहे?"

"आहे."

"उजवीकडची रांग."

इतकंच. मत देऊन येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगत होते, "हॉलमध्ये अळूवडी आहे, खाऊन जा." मिलिंद बाहेर आला, त्यांच्यासमोर क्षणभर थांबला. काकांचं तोंड उघडलं. आणि त्यांना खोकला आला. या वेळचा खोकला खरा होता. तो थांबेपर्यंत मिलिंद रस्त्याला लागला होता.

मी पहाटे चार थालीपीठं लावून घेतली होती. ती काकूंच्या डब्यात बांधली होती. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, सौ. शालिनी सबनीस. जाण्याआधी त्यांनी मला त्यातून भाजणी पाठवली होती. डबा रिकामा कसा द्यायचा, काहीतरी करून देऊ म्हणून मी ठेवला, तोवर काकूच गेल्या. तो डबा पिशवीतून काढून मी मिलिंदच्या मागे धावले. तो रिक्षात बसत होता. मी नुसता डबा पुढे केला.

त्याने नाव वाचलं. शाईच्या बोटाने अक्षरांवरून हात फिरवला.

"बाबांनी दिलं?"

"मी कुणाची बाजू घेत नाही," मी म्हटलं. "डबा तेवढा आणून द्या."

त्याने मान डोलावली. डबा मांडीवर घेऊन बसला. रिक्षा मेट्रोकडे वळली.

काका फाटकाशी उभे राहून बघत होते. मी परत आले. तिथूनच ते एका आजीला म्हणाले, "उजवीकडची रांग."

त्याला आता बरेच महिने झाले. काका रविवारी खाली येतात, दारातच उभे राहतात.

"वहिनी, डबा?"

"नाही आला अजून."

"दोन्ही बाजू असतात. त्यालाही सवड मिळायला हवी ना." वळतात, दोन पायऱ्या चढतात, पुन्हा थांबतात. परवा तिथूनच म्हणाले, "डब्यात काय भरून द्यावं, असा त्याला प्रश्न पडला असेल. तुमच्याकडे फोन आला तर सांगा, रिकामा आणला तरी चालेल."