पाठीत सुरा असलेला बाहुला

आमच्या गारखेड्यात निकमतात्यांच्या घरात शिरताना तुम्हाला कुणी अडवणार नाही. निघताना मात्र पिशवी उघडून दाखवावी लागते. पिशवी नसेल तर खिसे. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी निघताना ताम्हन उलटं करायला लावलं होतं.

चितेगावच्या एका कंपनीच्या फाटकावर सुटलेल्या कामगारांचे डबे तपासण्यात तात्यांची सगळी नोकरी गेली. "माणूस आत येताना साव असतो, खरं काय ते भाईर पडताना कळतं," असं ते म्हणतात. फाटक सुटलं, पण सवय सुटली नाही. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. गल्लीतलं कुत्रं शेपूट हलवत जवळ आलं तरी म्हणतात, "संशयाला जागा हाय."

हे मी हसून सोडलं असतं. पण या माणसानं माझ्यावर चोरीचा आळ घेतला, आणि तोही मढ्याच्या चोरीचा! गल्लीतली पोरं आता मला मढंचोर म्हणतात.

मी शहागंजात जुन्या मालाचा धंदा करतो. रस्त्यावर पोतं अंथरून सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. तात्या मला 'भंगारशेठ' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. भंगार वेगळं, जुना माल वेगळा.

तात्यांची मुलगी वैशाली पुण्याला असते. तिचा मला फोन आला. "काका, आई गेल्यापासून तात्या एकटेच आहेत. त्यांना मी इकडं आणतेय. फ्लॅट लहान आहे, तेवढी माझी जुनी खेळणी तुम्ही घेऊन टाका."

मी गेलो आणि बघतच राहिलो. वैशाली लहान असताना टीव्हीवर खुनाच्या तपासाची एक मालिका लागायची, पोरांना झोपवून मोठ्यांनी बघायची. कुण्या शहाण्यानं तिच्यावरून पोरांसाठी खेळ काढला होता. खोक्यात एक फौजदार, दोन हवालदार, प्लॅस्टिकच्या बेड्या, भिंग आणि पाठीत सुरा खुपसलेलं एक पालथं मढं. वर छापलेलं, 'पाच वर्षांवरील मुलांसाठी. सुरा बोथट आहे.'

असल्या वस्तूसाठी हौशी लोक जीव टाकतात. म्हणून मी तोंड वाकडं केलं. आवडलेला माल बघून हसणारा धंद्यात बुडतो.

"खोकं दबलंय," मी म्हणालो. "नग पुरे आहेत म्हणून घेतो. एक जरी कमी असता तर हात लावला नसता."

"असं व्हय?" तात्या म्हणाले. माल उद्या उचलायचा असं ठरलं. निघताना त्यांनी माझी पिशवी तपासली. रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर बोभाटा: मढं गायब, अन् घरात येऊन गेलेला माणूस एकच.

मी तडक गेलो. "तात्या, पिशवी तुम्हीच बघितली ना?"

"बघितली. लई साफ होती. एवढी साफ पिशवी इमानदार माणसाची नसती."

"तोंड सांभाळा!"

"आवाज चढला. संशयाला जागा हाय. बसा, च्या टाकतो."

ते आत गेले. मी धुमसत बसलो. घासाघीस करून करून मला एक कळलंय. माल विकायचा नसला की माणूस स्वतःच त्यातली खोट दाखवतो. आणि तात्यांच्या आवाजात वस्तू गेल्याचं दुःख नव्हतं, सुटका होती. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. समोर खुंटीला त्यांचा नोकरीतला डबा टांगलेला. जन्मभर दुसऱ्यांचे डबे उघडणाऱ्याचा डबा कोण उघडणार?

मी उघडला.

वरचा कप्पा रिकामा. खालच्या कप्प्यात मढं, अंगावर लुगड्याच्या तुकड्यांची वीतभर गोधडी. गोधडीला मधोमध काज केलेलं, कडेनं बारीक टाके घातलेले, सुरा नीट वर निघावा म्हणून.

तात्या कपबश्या घेऊन दारात उभे होते.

"पोरगी झोपायची नाय," ते म्हणाले. "याला थंडी वाजती म्हणायची. मग हिनं शिवून दिली."

"मग पोरीला सांगायचं ना, विकायचं नाही म्हणून!" मी ओरडलोच.

"काय सांगू? ती म्हणती, कसली खेळणी, टाका. तिच्या ध्यानातच नाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. वैशालीच होती. "काका, तात्या म्हणतात एक नग गेलाय. सापडला का?"

तात्यांनी कपबश्या खाली ठेवल्या.

आजवर मी कुणाचा खोटा आळ सोसलेला नाही. "नाही," मी म्हणालो. "मीच नेला होता बघायला. हरवला माझ्याकडून. अपुरा माल मला नको. तात्यांच्या सामानात खोकं येईल, तेवढी जागा कर."

"बरं, काका," ती म्हणाली. आवाजात संशय साफ ऐकू येत होता. बापाचीच लेक.

चहा घेऊन मी उठलो आणि सवयीनं दारात पिशवी उघडून धरली. चोरी कबूल केलेला माणूस समोर उभा होता. तात्यांनी आत बघितलं नाही.

"जावा," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावायला वळले.