रुखवतातले स्क्रू

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी, नाहूर स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या इंगळ्यांचं नवं शेल्फ भिंतीवरून पडलं. त्यावर बँकेच्या परीक्षांची पुस्तकं, एक पितळी घोडा आणि मनीप्लांटची बरणी होती. बरणी फुटली. कोणाला इजा झाली नाही.

आवाज सहाव्या मजल्यापर्यंत गेला, असं मानायला जागा आहे. कारण सहाव्या मजल्यावरच्या परबमावशी लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आल्या. हातात ड्रिल मशीन होतं. मी इंगळ्यांचा शेजारी, आवाज ऐकून तिथे आधीच पोचलो होतो. मावशींनी पडलेल्या शेल्फकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. त्या थेट भिंतीपाशी गेल्या, कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. मग इंगळ्यांकडे वळल्या.

"भिंतीक इचारलंस?"

प्रशांत इंगळे मूळचा अकोल्याचा, इमारतीत नवा. त्याने बायकोकडे पाहिलं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की हा प्रश्न इमारतीत प्रत्येकाला एकदा विचारला जातो.

कुंदा परब यांनी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात, कानाला हेडफोन लावून काढली. माणूस खरं बोलतोय की नाही हे 'हॅलो'वरून कळतं, असं त्या सांगतात. निवृत्तीनंतर तोच कान त्यांनी भिंतींना लावला. कोणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी भिंत वाजवतात. पूजेला गेल्या तरी आधी भिंत, मग सत्यनारायण. 'ठक' आलं तर काँक्रीट, म्हणजे सज्जन. 'टुक' आलं तर वीट, म्हणजे मध्यमवर्गीय, विश्वास ठेवायला हरकत नाही. 'ढब' आलं की त्या तोंड वाकडं करतात. "वरसून प्लास्टर, आत हवा. माझी चुलत नणंद."

रागावल्या किंवा खूश झाल्या की त्यांची भाषा मालवणी होते. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात. मालवणी ऐकू येण्याचं प्रमाण जास्त आहे.

जमिनीवर पडलेला एक स्क्रू त्यांनी चिमटीत धरून उजेडात नेला. तो शेल्फच्या खोक्यातून, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत आला होता.

"रुखवतातलो स्क्रू," मावशी म्हणाल्या. "लग्नात टेबलावर काय काय मांडून ठेवतात ना? साखरेचा बंगला, काजूची होडी. बघूचा आणि 'वा' म्हणूचा. बंगल्यात कोण राहूक जाता काय?"

"पण मावशी, कंपनीने दिले होते न," इंगळे म्हणाला.

"कंपनीन तुझी भिंत बघितल्यान?"

भिंत हलक्या ब्लॉकची होती. जुनी इमारत पाडून ही नवी उभी राहिली, तेव्हा खोल्यांमधल्या भिंती अशाच ब्लॉकच्या झाल्या. मावशींच्या वर्गवारीत ही भिंत 'खारी बिस्कीट'. तिच्यात साधी आखूड गिट्टी धरत नाही. ब्लॉकचा भुगा होतो आणि शेल्फ खाली येतं. मावशींनी इंगळ्याला फर्मावलं, "जा, चांगली गिट्टी घेऊन ये."

इंगळे गेला. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परतला. खांद्यावर गोणी होती. गोणीत खडी होती. शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनला विनवण्या करून आणली, असं त्याने सांगितलं.

मावशींनी गोणीत हात घालून एक खडा बाहेर काढला.

"मेल्या," मावशी म्हणाल्या, "ही भिंतीत भरूक आणलंस, काय रस्तो करूक?"

"मले काय माहीत जी? आमच्याकडे गिट्टी म्हणजे हेच असते न!"

मुंबईत स्क्रूसाठी भिंतीत बसवायच्या प्लास्टिकच्या नळीला गिट्टी म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं. वैशाली हसता हसता सोफ्यावर बसली ती उठेना. मावशी आधी रागावल्या होत्या, मग त्यांनाही हसू आवरेना. गोणी परत पोचवण्यात आली. वॉचमनने कारण विचारलं नाही.

मग मावशी स्वतः निघाल्या. सोबत इंगळे, आणि कुतूहलापोटी मी. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात धीरजभाई आहेत. मावशींना पाहून त्यांनी इतर गिऱ्हाइकांना सांगितलं, "आता वेळ लागेल हां. चहा पिऊन या."

मावशींनी काउंटरवर गिट्ट्या मांडल्या, स्क्रू मांडले. एकेक स्क्रू एकेका गिट्टीत घालून फिरवून पाहिला.

"मावशी, सामान घेताय की स्थळ बघताय?" धीरजभाई म्हणाले.

"पत्रिका जुळल्याशिवाय मुलगी देणार नाय मी," मावशी म्हणाल्या, आणि इंगळ्याला समजावलं, "स्क्रू जाडो, गिट्टी बारीक, तर घर फुटता. स्क्रू बारीक, गिट्टी मोठी, तर तो नुसतो आत बसान गोल गोल फिरता. काम कायच करणा नाय. तसले नवरे बघितलेत मी."

"दुकानात?" धीरजभाईंनी विचारलं.

"तू गप रे."

शेवटी बोटाएवढ्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या आणि त्यांना जुळणारे लांब स्क्रू ठरले. दुपारी मावशींनी ड्रिलचा ठोके देणारा हॅमर बंद ठेवून भोकं पाडली, किंचित लहानच, म्हणजे गिट्टी ठोकूनच आत जावी. शेल्फ बसलं. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. शेल्फ हललं नाही. मग त्यांनी नियम सांगितला: "आता आठ दिवस भिंत बघूक येवचा लागात."

या नियमाला कोणत्याही पुस्तकात आधार नाही. धीरजभाईंना विचारलं असता त्यांनीही असं काही ऐकलं नसल्याचं सांगितलं. पण इमारतीत तो पाळला जातो. ज्या घरात मावशी शेल्फ लावतात, तिथे आठ दिवस संध्याकाळी येतात, भिंत वाजवतात, चहा घेतात, दिवेलागणीनंतर वर जातात. परबकाका वारले त्याला काही वर्षं झाली. ड्रिल मशीन त्यांचंच. मुलगी मस्कतला असते.

नव्या इमारतीत लोक राहायला आले तेव्हा मावशींना उसंत नव्हती. एका घरचे आठ दिवस संपायच्या आत दुसऱ्या घरी भिंत बघायला जावं लागे. मग सगळ्यांची शेल्फं लागली. त्यातलं एकही पडलं नाही. इंगळ्यांची ही इमारतीतली शेवटची रिकामी भिंत होती. हे मावशींना माहीत होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनीच ते वैशालीला सांगितलं, वर म्हणाल्या, "चांगला काम केला की असाच होता."

आठ दिवसांत वैशाली त्यांच्याकडून सोलकढी शिकली आणि मावशी तिच्याकडून झुणका. आठव्या दिवशी मावशींनी भिंत वाजवली, "खूश आसा" असं जाहीर केलं आणि गेल्या.

नवव्या संध्याकाळी त्या आल्या नाहीत. दहाव्याही नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी पेपर परत द्यायला इंगळ्यांकडे गेलो. इंगळे स्टुलावर उभा होता. हातात भाजी चिरायची सुरी होती. सुरीच्या टोकाने तो शेल्फचा कोपऱ्यातला स्क्रू सैल करत होता.

"काय करताय?"

"हळू बोला जी. अर्धाच आटा."

वैशालीने फोन लावला. "मावशी, शेल्फ हलून राहिलं वाटते."

मावशी जिन्याने आल्या. स्टुलावर चढल्या. स्क्रूच्या डोक्यावर नवे, चकचकीत ओरखडे होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग भिंत वाजवली आणि कान लावून बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणते भिंत?" वैशालीने विचारलं.

"लबाड आसा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, स्क्रू आवळला, खाली उतरल्या. "परत आठ दिवस बघूक होया," म्हणाल्या. वैशालीने चहा आणला. मावशींनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत न ठेवता इंगळ्याच्या हातात दिला.

"पुढच्या वेळेक ह्यो वापर. सुरयेन डोका खराब होता."

स्क्रूड्रायव्हर सध्या इंगळ्यांच्या शेल्फवर, पितळी घोड्याशेजारी आहे.