पेवातली बाई

"नीलू, पुढच्या आठवड्यापासून गाण्याची शिकवणी बंद," नीलांबरीचे अण्णा, म्हणजे तिचे वडील यज्ञेश्वर मास्तर, म्हणाले. "तुझा दम चार मात्रांत संपतो. आणि घरात रियाज नको, मला झोप लागत नाही."

नीलांबरीनं मान डोलावली खरी, पण दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी अण्णा आडवे होताच तबकड्या वाजवायचा चावीचा फोनो उचलून ती परसातल्या रिकाम्या पेवात उतरली. धान्य साठवायचा तो खोल खड्डा. आवाज बाहेर कसला जातोय! नगरच्या कॅम्पातल्या साहेबानं विलायतेला जाताना अण्णांना फोनोबरोबर दिलेली इटालियन तबकडी तिनं लावली.

आधी व्हायोलिनांची खालच्या सुरात थरथर. मग एक बाई कुजबुजावं तशी गाऊ लागली. पायरी पायरीनं चढली, प्रत्येक पायरीवर थबकली आणि सगळ्यांत वरच्या सुरावर जाऊन थांबली. सूर समईच्या ज्योतीसारखा कापत होता. संपला म्हणावं तर फुगायचा, मग बारीक होऊन दोऱ्याएवढा उरायचा. ना ठेका, ना तान. नीलांबरीच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात वर, पेवाच्या तोंडाशी, माणसं बोलू लागली.

"बन्सी भगता, भुईतून बाई रडतीया." ही शेजारची दगडाबाई.

"गात आसंल."

"गाती तर ठेका कुठं हाय? आन् दम बघ की. मी अर्धं अंगण झाडलं, तरी त्योच सूर."

"मंग मेलेलीच. जित्या मानसाला श्वास घ्यावा लागतो."

भगतानं भूत उतरवायला ओवाळलेला नारळ आत टाकला. तो नेमका तबकडीवर बसला. तिचे चार तुकडे झाले.

"काय चाललंय?" वर अण्णाही आले.

"बाई गप झाली, मास्तर. म्या आत उतरून बगतो."

शिडी करकरली. आता सापडले तर तबकडीही गेली आणि गाणंही. नीलांबरीनं डोळे मिटले आणि तुटलेला सूर तिथूनच उचलला. थबकत चढली, वर जाऊन थांबली, फुगवला, बारीक केला. तिचं तिलाच कळेना, एवढा दम आला कुठून.

सूर विरला. अंधारातून जाड आवाज आला, "हं."

वरची माणसं पळाली. भगत सगळ्यांच्या पुढं होता.

संध्याकाळी अण्णा परसात तुकडे हातात घेऊन उभे होते.

"तबकडी फुटल्यानंतरचं गाणं जास्त चांगलं होतं. शिकवणी चालू ठेव," ते म्हणाले. "फक्त शेवटी तो जाड हुंकार कशाला काढलास?"

"मला वाटलं, तुम्ही दाद दिलीत."

अण्णा तुकडे खाली ठेवून पेवाकडे वळले. मग दोघांनी मिळून त्याच्या तोंडावर फरशी सरकवली.

"रियाज," अण्णा हळूच म्हणाले, "यापुढं घरातच करत जा."